माझ्या मापाची मोटार

दाजी,

आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेतली, असं समजू नका. माणूस गेला की त्याचं सगळंच बरोबर होतं असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे, आणि तेराव्यापर्यंत दारात येणारा प्रत्येक जण ती इमानानं पाळत होता. "देवमाणूस होता," म्हणत होते. तुम्ही असता तर दातातली काडी काढून म्हणाला असता, "देवमाणूस? मग माझा नेलेला पाना परत आणून द्यायला काय झालतं ह्याला?"

मी तुम्हाला देवमाणूस म्हणणार नाही. तुम्ही हट्टी होता, बढाईखोर होता, आणि शेवटचे कितीतरी महिने माझ्याशी सरळ तोंडानं बोलला नाहीत. एकाच खोलीत, एकाच चटईवर बसून तुम्ही अक्काला सांगायचा, "तुझ्या भैनीला म्हणावं, च्या निवतोय." आणि माझी थोरली बहीण भाकरी थापता थापता म्हणायची, "ती काय बहिरी हाय? तुमीच सांगा की." तुम्ही सांगायचा नाहीत. मीही हात पुढं करायची नाही. चहा निवायचा.

रागाचं कारण घरातल्या तिघांनाही माहीत होतं. मागच्या शेडमध्ये तुम्ही बांधलेली मोटार एकदा, आयुष्यात फक्त एकदा, सरळ पट्टीवर पाव मैल सुसाट सोडायची होती, आणि ती मी चालवायची होती. मी ते केलं नाही. का केलं नाही यावर आपण गल्ली जमेपर्यंत भांडलो. तरी आज पुन्हा पहिल्यापासून सांगते. आता तरी तुम्हाला मधे तोंड घालता येणार नाही.

अण्णा गेल्यावर मी तुमच्याकडे राहायला आले. आमच्या वडिलांचा जन्म मिलच्या दारावर पत्रकं वाटण्यात गेला. आमच्या घरी भातापेक्षा भिंतीवर चिकटवायची खळ जास्त शिजायची. मी अक्षरं पत्रकांवरून जुळवायला शिकले, त्यामुळे 'बदक'च्या आधी मला 'निषेध' वाचता येत होता. अक्का त्या सगळ्याला कंटाळून तुमच्याशी लग्न करून सुटली. फिटर माणूस आहे, हातात पाना असतो, कागद नसतो, एवढं तिनं पाहिलं. तो पाना कुठवर जाईल हे तिला कोण सांगणार?

मी आले तेव्हा मिलला टाळं होतं आणि तुम्ही घरात अडकला होता. डावा गुडघा मिलमध्येच कायमचा ताठ झालेला. उंच माणूस, ताठ पाय. आपल्या खोलीत तुम्ही पाय पसरलात की अक्काला चुलीकडून दाराकडे जाता येत नसे. मग तुम्ही घरमालकिणीचं, नरसम्माचं, मागचं शेड मागून घेतलंत. तिथं पूर्वी तिच्या नवऱ्याचा हातमाग होता. माग गेला, पण विणकराचे पाय सोडायचा खड्डा जमिनीत तसाच होता. तुम्ही त्या खड्ड्यात उतरलात, वर बघितलंत, आणि म्हणालात, "मोटारीच्या पोटाखाली शिरायला आयती जागा हाय की!"

मोटार कुठं होती? मोटार तुमच्या डोक्यात होती. रद्दीच्या दुकानात तुम्हाला एक अमेरिकन मासिक मिळालं होतं. त्यात जुन्या घाटाच्या शर्यतीच्या मोटारींची चित्रं होती. छप्पर नाही, दरवाजे नाहीत, इंजिन उघडं, पुढची चाकं सायकलसारखी बारीक, मागची रुंद आणि काळी, आणि चालवणारा पार मागच्या चाकांच्याही मागं, बेचकीत खडा धरावा तसा. त्या मोटारी वळत नाहीत. पाव मैल सरळ जातात आणि थांबतात. त्याचीच शर्यत. पुण्याकडच्या एका जुन्या धावपट्टीवर दर थंडीत काही हौशी लोक तसली शर्यत लावतात, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलं आणि झालं.

मी तेव्हा काय बोलले होते ते मला पाठ आहे. "लोक दुष्काळात रेशनच्या मिलोसाठी रांगेत उभे राहून आले, मिल बंद आहे, पेट्रोल कुठल्या कुठं गेलंय, आणि तुम्ही ते जाळायची मोटार बांधणार? हा श्रीमंतांचा खेळ आहे, दाजी."

तुम्ही खड्ड्यातूनच बोललात. "श्रीमंत खेळतेत म्हणून त्यांचा झाला व्हय? मग खेळून काढून घ्यायचा त्यांच्याकडनं. तुमच्या पत्रकात हेच लिहितीस न्हवं?"

याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. आजही नीटसं सुचलेलं नाही. हे मी फक्त आत्ता कबूल करते आहे.

इंजिन दुसऱ्या महायुद्धातल्या एका मोडीत काढलेल्या ट्रकचं, आठ सिलिंडरचं. मागचे टायर करकंबच्या बापूंनी, तुमच्या चुलतभावानं, उसाच्या ट्रॉलीचे दिले. चेसिस पाण्याच्या जाड पाइपांची, आणि बोळातून बाहेर निघावी म्हणून दोन तुकड्यांत, मधे बोल्ट. इंजिन पहिल्यांदा पेटलं तेव्हा शेजारच्या घरातले माग थांबले आणि नरसम्मा कपाळाला हात लावून आली. "अय्यो, जावई! छप्पर माजं हाय, तुजं न्हाय!" तुम्ही म्हणालात, "अम्मा, छप्पर हलतंय म्हंजे इंजिन बरं हाय." तुम्ही तिचे जावई नव्हता. ती अक्काला लेक म्हणायची, म्हणून तुम्हाला हे पद मिळालेलं.

मोटार चालवणार कोण, हा प्रश्न शेवटपर्यंत कुणी काढला नव्हता. ताठ गुडघ्याला क्लच झटक्यात सोडता येत नाही, आणि त्या मोटारीत सगळं काही क्लच सोडण्यात आहे. मी एक दिवस तुमच्याशी भांडायला शेडमध्ये आले, तर तुम्ही माझ्याकडे खाटीक बघतो तसं बघायला लागलात.

"सुमे, तुझं वजन किती गं?"

लाकडाच्या वखारीत नेऊन तुम्ही मला सरपणाच्या काट्यात बसवलंत. वखारवाला म्हणाला, "ओली का सुकी?" तुम्ही म्हणालात, "सुकी. पर पेटती लवकर."

मग माप. गणपतीवाल्याकडून माती आणलीत, ती पिंपाच्या अर्ध्या तुकड्यात थापलीत आणि मला तिच्यात बसायला सांगितलंत. अक्कानं आडवी चादर धरली आणि इतकी हसली की चादर दोनदा पडली. त्या साच्यावरून तुम्ही पत्रा ठोकून सीट केलीत. पाय किती पोचतात ते सुतळीनं मोजून क्लच, ब्रेक आणि रेसचे दांडे कापलेत. मी म्हटलं, "सीट पुढं-मागं सरकणारी करा की. दुसऱ्या कुणाला बसायचं झालं तर?"

"सरकणाऱ्या सीटला वजन येतं. आन दुसरं कोण बसतंय? ही मोटार शिवल्याली हाय. तयार कपड्यांच्या दुकानातली न्हाय."

चूक तिथं झाली, दाजी. माझी नाही, तुमची. एका माणसाच्या मापाची मोटार बांधली की त्या माणसाला कुणी बांधून ठेवलं तर मोटारही बांधली जाते. तुम्ही इतकी वर्षं मिलमध्ये काढलीत. बदली कामगाराशिवाय एक पाळी चालत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी माझ्या जागी तुम्ही बदली ठेवला नाहीत.

पण त्याच चुकीसाठी मला तुमचे पाय धरावेसे वाटतात. माझ्या मापाचं काही कुणी कधी बांधलं नव्हतं. अण्णांचे सदरे कापून मला झंपर व्हायचे. अक्काच्या चपला मला यायच्या. सभेत पुरुष बोलून संपले की उरलेल्या वेळात मला बोलायला मिळायचं. आणि एक माणूस माझे पाय कुठवर पोचतात ते मोजून लोखंड कापत होता.

तुम्ही मागची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवलीत आणि मला शिकवायला लागलात. इंजिन चालू, चाकं हवेत. मी क्लच सोडला की ती रुंद चाकं वेड्यासारखी फिरायची, शेड थरथरायचं, आणि मी तिथल्या तिथं. समोर चुन्याचा हात फिरवलेली भिंत. तुम्ही कानाशी ओरडायचा, "इचार करू नगं! इचार करून क्लच सुटत नसतोय! इचार हाच तुझा आजार हाय!" जागचं न हलता मी इतक्या वेगानं कधीच गेले नव्हते. शर्यतीच्या पट्टीवर यापेक्षा काय वेगळं असेल हे मला बघायचं होतं. तुमच्याइतकंच. तुम्हाला वाटत राहिलं की मला तेवढी ओढ नव्हती. होती.

मग खंडेनवमी आली. तुम्ही फळीवर सगळे पाने, हातोडे, वेल्डिंगची काळी काच मांडलीत, हळदकुंकू वाहिलंत, झेंडूची फुलं ठेवलीत. आणि माझ्या पिशवीतून पेन काढून हातोड्याच्या शेजारी ठेवलंत.

"मी पूजा मानत नाही, दाजी."

"तू नगं मानू. पेन मानतंय. आज हत्याराला हात लावायचा न्हाय. एक दिस सगळ्यांनी इसावा घ्यायचा."

त्याच दिवशी निरोप आला की बदली कामगारांवरचं पत्रक दसऱ्याला गावातल्या चालू मिलच्या दारात वाटायचं आहे. आणीबाणीचं दुसरं वर्ष. छापखाने घाबरलेले, जे काही निघायचं ते हातानं लिहून, सायक्लोस्टाइल करून. मी फळीवरून पेन उचललं. पेनावरचं कुंकू बोटाला लागलं, ते कागदाला लागलं. तुम्ही दारात उभे होता.

पुढच्या आठवड्यात मला उचललं. काही दिवसांनी सोडलं ते अटीवर: रोज संध्याकाळी चौकीत हजेरी, आणि शहराची हद्द ओलांडायची नाही. तुमचं पहिलं वाक्य, "म्हणलं हुतं, त्या दिशी हत्यार उचलू नये." माझं पहिलं वाक्य, "मग माझ्याऐवजी कुणी लिहायचं होतं?" आपण दोघंही 'कशी आहेस', 'बरी आहे' एवढं बोलायला विसरलो.

ज्यानं हद्द अनुभवलेली नाही त्याला सांगता येत नाही. सोलापूर काही लहान गाव नाही. पण ओलांडायचं नाही म्हटलं की सगळे रस्ते भिंतीवर जाऊन आपटतात. होटगीकडे निघालं की पाय आपोआप मंद व्हायचे. नाक्याच्या पलीकडं बैलगाड्या जायच्या, कुत्री जायची. मी उभी. तुम्ही रोज हजेरीला माझ्याबरोबर यायचा, तो पाय ओढत, आणि बाहेर हवालदाराच्या मोटारसायकलचा आवाज ऐकून त्याला फुकट सल्ले द्यायचा.

शर्यत जवळ आली तेव्हा फौजदार माझ्यासमोरच तुम्हाला म्हणाला, "बाईंनी यापुढे पत्रक लिहिणार नाही, वाटणार नाही, एवढं लिहून द्यावं. हद्दीची अट मी वरून काढून आणतो. मग न्या कुठं न्यायचं तिथं."

परतताना तुम्ही रस्त्यातच थांबलात. तुमच्या आवाजात इतकी अजिजी मी कधी ऐकली नव्हती.

"दे की लिहून. एक सही. तिकडनं आल्यावर परत लिही पत्रकं, कोन बघतंय?"

"मी बघते."

"खोट्या माणसाला खोटी सही चालती की गं."

"मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?"

"फरक हा की तू पाव मैल सरळ जाऊन आलीस!" तुम्ही ओरडलात. लोक वळून बघायला लागले. "मी ह्या पायावर, त्या शेडात, त्या खड्ड्यात इतके दिस काय म्हणून हुतो? एकदा तरी काय तरी सरळ जावं म्हणून! मिल वाकडी, पाय वाकडा, सरकार वाकडं. एक गोष्ट सरळ जाणार हुती, तर तू आडवी पडलीस!"

"मी सही करणार नाही, दाजी."

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत. शेडमधून करवतीचा आवाज यायला लागला. माझ्या मापाचे दांडे कापून तुम्ही तुमच्या ताठ पायापुरते लांबवत होता. बापूंचा उसाचा ट्रक आला, मोटार दोन तुकड्यांत चढली, तुम्ही पुढं बसलात. अक्कानं दही दिलं. मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

परत आलात तेव्हा अक्कानं विचारलं, "काय झालं?"

"गेली," एवढंच म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात.

त्या दिवसापासून चहा निवायला लागला. हजेरीला मात्र तुम्ही येत राहिलात. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं, जणू तुमचंच काही काम आहे. मी इकडच्या बाजूनं. चौकीपर्यंत जायचो, परत यायचो, मधे टांगे आणि सायकली. दाजी, असा राग मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर आणीबाणी उठली. अट गेली. मी हद्दीच्या पलीकडं जाऊन एका बाभळीखाली उभी राहून आले, उगाच. वाटलं, आता बोलाल. नाही. तुम्ही शेडला आतून कडी घालायला लागलात. आणि मग त्या सकाळी तुमच्या छातीत कळ आली, आणि आपल्या दोघांना बोलायला कुणी वेळ दिला नाही.

दहाव्याला बापू आले होते. जेवणं झाल्यावर ते ओसरीत माझ्याजवळ बसले. मी विचारलं, "काका, तिकडं काय झालं होतं? दाजींनी शेवटपर्यंत सांगितलं नाही."

"सांगितलं न्हाय?" बापू माझ्याकडे बघत राहिले. "अगं, पळवली की त्यानं! क्लच सुटंना, समदी निघून गेली आन हा तितंच. मग सुटला. लई शेवटी गेला. पर गेला, शेवटपतूर. थांबल्यावर मी पळत गेलो, म्हणलं आता रडतोय का काय. तर हसत हुता. निसतं हसत हुता. डोळ्यातनं पानी. म्हणला, बापू, वळावं लागत न्हाय रं, काय बी करावं लागत न्हाय, निसतं जायचं."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"आन तितल्या लोकास्नी सांगून आला, पुढल्या थंडीत खरा डायव्हर घेऊन येतो म्हणून. मी म्हणलं, पोरीला सांग की घरी गेल्यावर. तर म्हणला, न्हाय. मी हसताना दिसलो तर ती म्हणंल, बघा, माझ्याबिगर झालंच की. मग पुढल्या खेपंला बी चौकीत मान वर करून उभी ऱ्हाईल. तिला वाटू दे मी रागावलोय."

म्हणजे तुम्ही रागावलेले नव्हता. तुम्ही इतके महिने तोंड फिरवून बसलात ते माझ्याकडून एक सही काढायला! दाजी, हा डावपेच आहे, आणि अत्यंत वाईट डावपेच आहे. असल्या डावपेचानं कुठलाही संप यशस्वी झालेला नाही. तुम्ही एकदा हसून 'मी शेवटून पहिला आलो' म्हणाला असता तर मी पुढच्या थंडीपर्यंत रोज त्या ठोकळ्यांवर बसले असते. सही तरीही केली नसती. पुढल्या खेपेलाही मी मान वर करूनच उभी राहणार. हे तुम्हाला कळायला हवं होतं, आणि ऐकून तुम्ही शिवी दिली असती, ती मला ऐकायला हवी होती.

काल अक्कानं शेडची किल्ली दिली. "जा. मला बघवत न्हाय," म्हणाली.

मोटार जोडलेली होती. ठोकळे काढून ठेवलेले, चाकं जमिनीवर. मी त्या पत्र्याच्या सीटमध्ये शिरले. ती अजून माझीच होती, पाठीला तशीच लागली. पाय पुढं सोडले. मनाशी म्हटलं, पोचणार नाहीत, दांडे तुमच्या पायापुरते आहेत. उजवा पाय नाही पोचला. ना रेसला, ना ब्रेकला. दोन्ही लांब होते, तुमच्या शर्यतीत होते तसेच.

डावा पोचला. क्लचचा दांडा कापून परत आखूड केलेला होता. जोड नवा होता, अजून रंगही दिलेला नव्हता. तुम्ही एवढंच करून गेलात.

अक्का दारातून म्हणाली, "काय गं? बसती का?"

मी क्लच तळापर्यंत दाबला. इंजिन बंद होतं, सोडला असता तरी मोटार कुठं जाणार होती? समोर भिंत होती. तरी पाय उचलवेना. अक्का येऊन खड्ड्याच्या काठावर बसली, आणि मी क्लच तसाच दाबून धरून बसले.